चढणीच्या माशांचा कैवारी : फ्रान्सिस डे

मृगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळला, की देवरूखच्या आसपासचे पऱ्ये रातोरात तांबड्या पाण्याने भरून वाहू लागतात. सप्तलिंगी फुगते, तिकडे बावनदी दोन्ही काठ धरते आणि शेतांच्या बांधांवरून पाणी खाली उड्या घेऊ लागते. त्या पाण्याच्या उलट मासे वर चढतात. चढण लागल्याची बातमी वाडीवाडीत पोचायला वेळ लागत नाही. बत्त्या, पाग, टोपल्या, काठ्या, कोयते, हाताला लागेल ते घेऊन माणसे बाहेर पडतात. आपल्यापैकी कितीतरी जण लहानपणी त्या गर्दीत होते. प्रस्तुत लेखकही होता. दुसऱ्या दिवशी घरोघरी गाबोळीचा बेत असतो. ही गाबोळी म्हणजे पुढच्या सालाचे मासे, हा विचार मात्र त्या रात्री कुणाच्या मनाला शिवत नाही.

दीडशे वर्षांपूर्वी साऱ्या हिंदुस्थानच्या नद्यांसाठी हा विचार करणारा एक माणूस होऊन गेला. पेशाने तो लष्करी डॉक्टर होता. त्याचे नाव फ्रान्सिस डे.

डे यांचा जन्म २ मार्च १८२९ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते १८५२ साली मद्रासच्या लष्करात सहायक शल्यवैद्य म्हणून रुजू झाले. पुढे कोचीनला बदली झाली आणि तेथील खाड्या, नद्या व कोळ्यांच्या टोपल्या यांनी या डॉक्टरांना वेड लावले. १८६३ साली त्यांनी कोचीनच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला आणि १८६५ साली मलबारच्या माशांवर. त्याच वर्षी त्यांनी सह्याद्रीच्या दक्षिणेकडील ओढ्यांतल्या तांबड्या पट्ट्याच्या एका देखण्या माशाची शास्त्रीय नोंद केली आणि त्याला मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव दिले. हाच मासा आज 'मिस केरळ' या नावाने जगभरच्या काचेच्या टाक्यांत पोहतो. मूळ ओढ्यांत मात्र तो दुर्मिळ होत चालला आहे.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी दिली ती एका इंजिनियरच्या शंकेने. सर आर्थर कॉटन यांनी दक्षिणेत कोलेरून आणि गोदावरी या नद्यांवर मोठे बंधारे बांधून लाखो एकर जमीन भिजवली होती. १८६७ च्या सुमारास त्यांनीच प्रश्न उपस्थित केला, की समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांची वाट या बंधाऱ्यांनी अडत तर नसेल? आपल्याच कामाविषयी अशी शंका घेणे हा मोठेपणाच म्हटला पाहिजे. चौकशीचे काम डे यांच्याकडे आले.

त्या काळी इंग्लंडात साल्मन माशाचा प्रश्न गाजत होता. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्माच्या नदीत परत चढतो. बंधारे, नदीत कायम रोवलेले सापळे आणि गिरण्यांची घाण यांमुळे तो नाहीसा होऊ लागला, म्हणून १८६१ साली तेथे कायदा झाला. विणीच्या काळात मासेमारी बंद, रोवलेल्या सापळ्यांना मनाई, बंधाऱ्यांतून माशांना वाट आणि देखरेखीला निरीक्षक, अशी ती व्यवस्था होती. हिंदुस्थानात साल्मन नव्हता. पण पाला, म्हणजे बंगाल्यांचा लाडका हिलसा, हाही तसाच समुद्रातून नदीत चढणारा. महसीर समुद्रात जात नाही, पण विणीसाठी तोही पावसाळ्यात वर डोंगराकडे निघतो. डे यांनी बंधाऱ्यांच्या पायथ्याशी जाऊन पाहिले. चढणारे मासे तेथे अडून गोळा होत आणि जाळी टाकणाऱ्यांच्या आयतेच हाती लागत.

१८७१ साली त्यांना साऱ्या हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक नेमण्यात आले. त्यांनी कलेक्टरांपासून मामलेदारांपर्यंत प्रश्न पाठवले. तुमच्याकडे मासे कमी झाले का? जाळ्यांची भोके केवढी? पावसाळ्यात पिल्ले पकडली जातात का? उत्तरांसह त्यांचा अहवाल १८७३ साली प्रसिद्ध झाला. बंधाऱ्यांबरोबरच भातखाचरांच्या बांधांत लावलेले कामट्यांचे सापळे, बारीक भोकांची जाळी आणि पाण्यात विष कालवून डोहच्या डोह मारण्याची रीत, यांवर त्यांनी बोट ठेवले. विणीचा मासा आणि त्याची पिल्ले यांना सोडा, जाळ्यांची भोके मोठी करा, बंधाऱ्यांत वाट ठेवा, हे त्यांच्या शिफारशींचे सार होते.

सरकारने त्या तेव्हा मनावर घेतल्या नाहीत. गरिबांच्या तोंडचा घास काढू नये, आणि एवढ्या मोठ्या देशात पहारा तरी कोण ठेवणार, असे आक्षेप आले. हे आक्षेप अगदीच पोकळ नव्हते. खाचरात टोपली लावणाऱ्या कुळाला पावसाळ्यात दुसरे कालवण कुठले? नियम साहेबाने करायचा आणि त्याचा जाच कोळ्या-कुळांनी सोसायचा, हा त्या राज्याचा रिवाजच होता. डे यांच्या लिखाणातही बंधारा बांधणाऱ्या सरकारच्या मानाने टोपली लावणाऱ्याला दोष देताना लेखणी जरा सैल सुटते, असे आज वाचताना वाटते.

१८७७ साली निवृत्त होऊन ते चेल्टनहॅमला राहिले. 'फिशेस ऑफ इंडिया' हा त्यांचा सचित्र महाग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात भागाभागाने निघाला. ब्रिटिश म्युझियमचे मत्स्यतज्ज्ञ ग्युंथर यांच्याशी त्यांचे कधी जमले नाही. १८८३ साली त्यांच्या संग्रहाचा मोठा वाटा सिडनीच्या म्युझियमने विकत घेतला. १८८७ साली त्यांनी साल्मन कुळावर ग्रंथ लिहिला. १८८९ साली चौदाशेहून अधिक जातींची माहिती देणारे त्यांचे दोन खंड प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी १० जुलै रोजी ते वारले.

मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८९७ साली, हिंदुस्थानचा मत्स्यव्यवसाय कायदा झाला. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यावर बंदी आली. सापळे, बंधारे व जाळ्यांची भोके यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. माशांची वाट मात्र अडतच राहिली. १९७५ साली फराक्काचा बांध सुरू झाला आणि पूर्वी अलाहाबादपर्यंत जाणारा हिलसा वरच्या गंगेत जवळजवळ दिसेनासा झाला.

आपल्या लोकांना ही जाण अजिबात नव्हती असे नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून महसीर आजही कुणी मारत नाही. देवाच्या धाकाने एक डोह राखता येतो, मग समजुतीने एक पऱ्या का राखता येऊ नये? चढण साफ बंद करा, असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. तिची चव मीही घेतली आहे. परंतु पऱ्याची अख्खी रुंदी सापळ्याने न अडवता अर्धी मोकळी ठेवणे आणि पाण्यात विष किंवा सुरुंग न घालणे, एवढे आपल्या हाती आहे. यंदा मृग लागला आणि बत्त्या बाहेर निघाल्या, की वाडीतल्या मंडळींशी एवढे तरी बोलून पाहावे.