कुलाब्याच्या वेधशाळेतून पंचांगाकडे : केरूनाना छत्रे

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एखाद्या हिंदी तरुणास खगोलशास्त्रावर पोट भरावयाचे असेल, तर त्याला फारसे मार्ग नव्हते. जोशीपणाची परंपरागत वृत्ती होती. पण तिच्यात जुन्या करणग्रंथांवरून आकडेमोड करण्यापलीकडे आकाशाशी संबंध उरला नव्हता. कंपनी सरकारच्या वेधशाळा होत्या. पण त्यांच्या मुख्य जागा साहेबांसाठी राखीव होत्या. या दोहोंच्या मधली एक अरुंद वाट १८४० मध्ये मुंबईत एका पंधरा वर्षांच्या मुलाला सापडली. पुढे महाराष्ट्र त्याला केरूनाना या नावाने ओळखू लागला.

केरो लक्ष्मण छत्रे यांचा जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि चुलत्यांच्या आधाराने ते मुंबईस आले. छत्रे हे आडनाव त्या वेळच्या मुंबईत अपरिचित नव्हते. 'बाळमित्र'कर्ते सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे याच घराण्यातले. एल्फिन्स्टन संस्थेत केरूनानांना दोन गुरू लाभले. एक 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर आणि दुसरे गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लिबार. कुलाब्याच्या वेधशाळेची सूत्रे या ऑर्लिबारसाहेबांकडे होती. तेथे सहायकाची गरज पडली तेव्हा त्यांनी हा विद्यार्थी निवडला. पगार महिना पन्नास रुपये. त्या काळी पंधरा वर्षांच्या पोरक्या मुलाला ही रक्कम लहान नव्हती.

ही वेधशाळा कंपनीने १८२६ मध्ये बांधली. बंदरात येणाऱ्या जहाजांच्या कालमापकांना अचूक वेळ मिळावी आणि जमल्यास ग्रहताऱ्यांचे वेधही घेतले जावेत, हा तिचा हेतू. परंतु पहिल्याच ज्योतिर्विदाचे सरकारशी बिनसले आणि पुढची काही वर्षे तेथे म्हणण्यासारखे काम झाले नाही. तिला खरा जीव आला तो १८४१ च्या सुमारास, आणि तोही ताऱ्यांमुळे नव्हे. जर्मनीतील गॉटिंगेन येथे गाउस व वेबर यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी जगभर एकाच पद्धतीने करण्याची चळवळ उभारली होती. ब्रिटिश सरकार तिच्यात उतरले आणि कुलाबा हे तिचे एक ठाणे बनले.

केरूनानांचे काम काय होते, हे समजून घेतल्याखेरीज त्यांचे पुढचे आयुष्य कळणार नाही. टांगलेल्या चुंबकाला जोडलेल्या आरशात मोजपट्टीचे प्रतिबिंब पडे. निरीक्षकाने दुर्बिणीतून ते वाचावयाचे आणि वहीत आकडा टिपावयाचा. दिवस असो वा रात्र, ठरल्या वेळी नोंद झालीच पाहिजे. काही दिवस असे नेमलेले असत, की निरनिराळ्या देशांतील वेधशाळांत एकाच क्षणी, दर पाच मिनिटांनी, चोवीस तास वाचन चाले. त्याच्या जोडीला वायुभारमापक, तापमापक आणि पाऊस. प्रकाशचित्राच्या साह्याने आपोआप नोंद घेणारी यंत्रे कुलाब्यास आली ती १८७२ मध्ये. तोवर सारा भार माणसांच्या डोळ्यांवर होता आणि हे डोळे बहुतांशी एल्फिन्स्टनमध्ये शिकलेल्या हिंदी तरुणांचे होते. सुमारे दहा वर्षे केरूनानांनी ही चाकरी केली.

या नोकरीने त्यांना खूप काही दिले. उपकरणाची चूक आणि निसर्गातला फरक वेगळा कसा काढावा, हे त्यांना कोणत्याही पाठशाळेत शिकता आले नसते. इंग्रजीबरोबर फ्रेंच ज्योतिषग्रंथांचा मागोवाही त्यांनी घेतला. पण तिने काय दिले नाही, हेही पाहिले पाहिजे. निष्कर्ष काढणे, अहवालाखाली सही करणे, पुढील संशोधनाची दिशा ठरवणे हे सहायकाच्या कक्षेबाहेरचे होते. बाळशास्त्र्यांसारख्या विद्वानाकडे वेधशाळेचा कारभार काही काळ आला खरा. तरी तो अपवादच. या वेधशाळेचे संचालकपद नानाभाई मूस यांच्या रूपाने हिंदी माणसाकडे स्थिरपणे आले १८९६ मध्ये. तोवर केरूनानांना जाऊन बारा वर्षे झाली होती.

१८५१ मध्ये ते पुण्यास गेले. त्या वेळी बोरीबंदरहून गाडीत बसून बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याशी उतरण्याची सोय नव्हती. आज कात्रपच्या शेजारून धावणारा तो लोहमार्ग खोपोलीपर्यंत खुला झाला १८५६ मध्ये. पूना कॉलेजात, म्हणजेच पुढच्या डेक्कन कॉलेजात, त्यांनी गणित व पदार्थविज्ञान शिकवले. मध्यंतरी अहमदनगरच्या शाळेतही काम केले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. त्यामुळे पदवी नसलेला हा प्राध्यापक पदवीधर घडवत होता. टिळक आणि आगरकर हे दोघेही त्यांचे विद्यार्थी. टिळकांच्या गणिताच्या आणि ज्योतिषाच्या गोडीचा उगम शोधावयाचा तर तो केरूनानांच्या वर्गात सापडतो. अंकगणित आणि पदार्थविज्ञान यांवरची त्यांची मराठी पुस्तके शाळांतून चालली. सूर्यावरील डागांचा पृथ्वीच्या हवामानावर परिणाम होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सूर्यावरील डाग आणि चुंबकसूचीतील खळबळ यांचा संबंध १८५२ मध्येच युरोपात दाखवला गेला होता. चुंबकसूची वाचण्यात तारुण्य घालवलेल्या माणसाला तो विषय ओढून घेणारच. हवामानाशी त्याचा नेमका संबंध किती, याविषयी मात्र अजूनही वाद चालतो.

पुण्यात त्यांच्या हाताशी मोठी वेधशाळा नव्हती. मग वेधांच्या जागी त्यांनी गणित घेतले आणि रोख वळवला तो पंचांगाकडे. महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा प्रामुख्याने गणेश दैवज्ञाच्या 'ग्रहलाघवा'वरून होत. हा ग्रंथ १५२० चा आणि गणेश दैवज्ञ मुरुडजवळच्या नांदगावचे. म्हणजे केरूनानांच्याच किनाऱ्यावरचे. ग्रंथ उत्तम, पण सव्वातीनशे वर्षांत लहानशा चुका साचत गेल्या होत्या. पंचांगातले ग्रहणाचे वेळापत्रक आणि आकाशातले ग्रहण यांत उघड अंतर पडे. १८६० मध्ये केरूनानांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली. युरोपीय ज्योतिषाचे अद्ययावत आकडे मराठी जोश्याला वापरता येतील अशा रूपात मांडण्याचा हा प्रयत्न होता. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धन यांच्या साह्याने त्यांवर आधारलेले पंचांग निघू लागले. केरूनानांनी त्याला आश्रयदात्याचे नाव दिले, म्हणून ते पटवर्धनी पंचांग.

येथे वादाला तोंड फुटले. ग्रहांचे स्थान अचूक काढले, तरी ते मोजावयाचे कोठून? केरूनानांनी रेवती नक्षत्रातील झीटा पिशियम हा तारा राशिचक्राचा आरंभ मानला. विसाजी रघुनाथ लेले यांच्यासारख्या सायनवाद्यांचे म्हणणे असे, की ताऱ्याचा आधारच नको. वसंतसंपात हाच आरंभ. परंपरेच्या अभिमान्यांना तर दोन्ही पक्ष सारखेच अमान्य. सण आणि श्राद्धतिथी बदलणार, म्हणून लोकांनी हे नवे पंचांग सहजी घरात घेतले नाही. केरूनानांची बाजू पूर्णपणे निर्विवाद होती असे म्हणता येणार नाही. गणिताची अचूकता सिद्ध करता येते. आरंभबिंदू मात्र निवडावा लागतो. पुढे बहुतेक पंचांगांनी चित्रा ताऱ्याला धरून आरंभ मानला. तो केरूनानांच्या आरंभाहून सुमारे चार अंशांनी वेगळा आहे. म्हणूनच त्यांची परंपरा चालवणाऱ्या टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते आणि कात्रपपासून कोकणापर्यंत बहुतेक घरांच्या भिंतींवरील दिनदर्शिकेत ती १४ किंवा १५ तारखेस असते. क्वचित अधिक मासही वेगळा पडतो आणि मग गणपती एका घरी महिनाभर आधी बसतात.

सरकारने १८७७ मध्ये केरूनानांना रावबहादूर ही पदवी दिली. १८७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि १९ मार्च १८८४ रोजी निवर्तले. त्याच साली सायनवाद्यांचे पंचांग सुरू झाले, आणि त्या पक्षातले एक प्रमुख अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी पुढे 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त केरूनानांच्या कार्याची सविस्तर नोंद ठेवली. प्रतिपक्षाच्या माणसाकडून अशी नोंद होणे हे त्या पिढीच्या मोठेपणाचे लक्षण मानावे लागेल.

कुलाब्याच्या त्या वह्यांचे पुढे काय झाले, हेही सांगण्याजोगे आहे. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावर एक प्रखर झळाळी पाहिली आणि दुसऱ्या दिवशी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. केरूनाना तोवर पुण्यास गेले होते. पण त्यांच्याच जागी बसलेल्या निरीक्षकांनी कुलाब्यास ते आकडे टिपले. क्षैतिज चुंबकबल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने कोसळल्याची ती नोंद २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील लखिना व अॅलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी जगापुढे मांडली. उपग्रह आणि वीजवाहिन्यांना सौर वादळांचा धोका किती, याचा अंदाज घेणारे शास्त्रज्ञ तिचा आधार घेतात.

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूच्या बिघडणार, हे ओळखून मूस यांनी भूचुंबकीय काम अलिबागला हलवले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुनी मालिका तुटू नये. कुलाबा वेधशाळेचा वारसा अशा रीतीने कुलाबा जिल्ह्यात गेला. जिल्ह्याचे ते नाव मात्र मुंबईच्या कुलाब्यावरून नव्हे, तर अलिबागच्या किल्ल्यावरून पडले होते आणि १९८१ मध्ये त्याचे रायगड झाले. या वेधशाळेतून उभ्या राहिलेल्या भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. भौतिकशास्त्राचे पदवीधर तेथे संशोधक म्हणून जातात आणि आपल्या नावाने निबंध प्रसिद्ध करतात. अलिबागच्या आवारात भूचुंबकाची मोजणी चालू आहे; केरूनानांचे नागाव तेथून अवघ्या काही किलोमीटरांवर.