बेल यांचे दुसरे यंत्र

मुलांनो, टेलिफोनचा शोध कोणी लावला, असे विचारले तर तुम्ही चटकन अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांचे नाव सांगाल. पण विमानतळावर आत जाताना एका चौकटीतून जावे लागते. खिशात किल्ल्यांचा जुडगा असला की ती चौकट लगेच आवाज करते. तिच्याशीही बेल यांचा संबंध आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का? धातूचा शोध घेणारे यंत्र बेल यांनी एका माणसाचा जीव वाचवण्यासाठी बनवले होते. ती हकिकत तुम्ही वाचावी, म्हणून हा पाठ.

स्कॉटलंडमधील एडिंबरो या शहरात ३ मार्च १८४७ रोजी बेल यांचा जन्म झाला. घरात त्यांना अलेक म्हणत. त्यांचे वडील लोकांना शुद्ध उच्चार शिकवत. आई पियानो छान वाजवी, पण तिला फार कमी ऐकू येई. इतर लोक तिच्या कानाला लावलेल्या नळीत मोठ्याने बोलत. अलेक मात्र तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन खोल आवाजात हळू बोले. आवाजाचा कंप तिला जाणवे आणि मुलाचे बोलणे कळे. आवाज ही नुसती कानाची गोष्ट नाही, हे अलेकला असे घरातच उमगले.

पुढे घरावर मोठे संकट आले. क्षयरोगाने १८६७ मध्ये धाकटा भाऊ गेला आणि १८७० मध्ये थोरला. उरलेल्या एका मुलाला तरी चांगली हवा मिळावी, म्हणून आईवडील त्याला घेऊन कॅनडाला गेले. तेथून बेल अमेरिकेतील बोस्टन शहरी आले आणि बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागले. मेबल हबर्ड ही त्यांची विद्यार्थिनी. पाचव्या वर्षी आलेल्या तापात तिची ऐकण्याची शक्ती गेली होती. १८७७ मध्ये बेल यांनी तिच्याशी लग्न केले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बहिऱ्या मुलांनी हातांच्या खुणांची भाषा वापरू नये, तोंडानेच बोलावे, असा बेल यांचा आग्रह होता. त्यांच्या या मताने आपले नुकसान झाले, असे अनेक बहिरे लोक आजही म्हणतात. मोठ्या माणसांची सगळीच मते बरोबर असतात असे नाही.

टेलिफोनची कथा तुम्ही इतरत्र वाचली असेल, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ७ मार्च १८७६ रोजी त्यांना या शोधाचे पेटंट मिळाले आणि तीनच दिवसांनी त्यांचा आवाज तारेतून दुसऱ्या खोलीतल्या सहकाऱ्याला स्पष्ट ऐकू आला. बेल यांचे नाव जगभर झाले. पण या टेलिफोनमध्ये एक त्रास होता. शेजारच्या तारांमुळे त्यात सारखी खरखर येई. ती घालवण्यासाठी बेल तारेची वेटोळी एकमेकांजवळ ठेवून प्रयोग करत होते. तेव्हा त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. वेटोळी नीट जुळवली की टेलिफोन अगदी गप्प होई. पण जवळ धातूचा तुकडा आणला की तो पुन्हा वाजू लागे. त्या वेळी त्यांनी या गोष्टीचा फारसा विचार केला नाही.

२ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर एका माणसाने पिस्तूल झाडले. गारफील्ड अध्यक्ष होऊन चारच महिने झाले होते. सरकारी पद न मिळाल्यामुळे तो माणूस चिडला होता. एक गोळी अध्यक्षांच्या दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत शिरली आणि आतच राहिली.

ती गोळी कोठे आहे, हे कळायला काहीच साधन नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून चौदा वर्षे होती. डॉक्टर जखमेत बोट किंवा सळई घालून गोळी चाचपत. हात आणि हत्यारे जंतुरहित करावीत, ही गोष्ट युरोपात मान्य होऊ लागली होती. पण अमेरिकेतल्या बऱ्याच डॉक्टरांना ती अजून पटली नव्हती. अध्यक्षांच्या जखमेत अशी किती बोटे गेली असतील! बाहेर उन्हाळा भयंकर होता. आजाऱ्याला गारवा मिळावा म्हणून नौदलाच्या इंजिनियरांनी बर्फावरून हवा खेळवण्याची सोय केली. सारा देश रोज त्यांच्या तब्येतीची खबर वाचत होता.

बेल यांनीही ती वाचली. त्यांना आपली जुनी वेटोळी आठवली. लंडनच्या डेव्हिड ह्यूज यांनीही १८७९ मध्ये तशीच रचना करून दाखवली होती. बेल यांनी आपला सहकारी समनर टेंटर याला हाताशी धरले आणि दोघे रात्रंदिवस कामाला लागले.

यंत्राची कल्पना सोपी होती. तारेची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी सरकवून ठेवायची. एकात वीज सोडायची आणि ती झटपट बंद-चालू करायची. दुसरे वेटोळे टेलिफोनला जोडायचे. वेटोळी बरोबर जागी बसली की टेलिफोनमध्ये शांतता. मग ती वेटोळी शरीरावरून फिरवायची. खाली शिसे असेल तर तोल बिघडतो आणि कानात बारीक गुणगुण ऐकू येते. तराजूच्या एका पारड्यात चिमूटभर धान्य पडले तरी काटा हलतो ना, तसेच हे.

बेल यांनी ओल्या कोंड्याच्या पोत्यात गोळ्या लपवून यंत्राची परीक्षा घेतली. मग मांसाच्या तुकड्यात घेतली. अमेरिकेत पूर्वी मोठे यादवी युद्ध झाले होते. त्यात गोळी लागून ती अंगातच राहिलेले सैनिक हयात होते. तेही परीक्षेसाठी तयार झाले आणि यंत्राने त्यांच्या अंगातल्या गोळ्यांची जागा दाखवली.

२६ जुलैच्या संध्याकाळी यंत्र अध्यक्षांच्या निवासस्थानी, व्हाईट हाउसमध्ये, नेले. बेल टेलिफोन कानाला लावून पलंगाजवळ उभे राहिले. पण त्यांना नुसती फडफड ऐकू आली. घरी आल्यावर कळले, की घाईत यंत्राचा एक भाग चुकीचा जोडला गेला होता. ते किती खट्टू झाले असतील, याची कल्पना तुम्हीच करा.

१ ऑगस्टला ते पुन्हा गेले. या वेळी यंत्र ठीक होते. एका मोठ्या भागावर अगदी मंद आवाज आला, पण एका ठिकाणी तो स्पष्ट झाला नाही. मनात शंका आल्याने बेल यांनी चौकशी केली, तेव्हा अध्यक्षांच्या गादीखाली पोलादी तारांची जाळी असल्याचे कळले. धातू शोधायचा आणि रोगी धातूवरच झोपलेला!

याहून मोठी अडचण माणसांची होती. उपचारांचे प्रमुख डॉक्टर ब्लिस यांना गोळी उजव्या बाजूला आहे, याची खात्री होती. म्हणून शोधही उजवीकडेच झाला. तो मंद आवाज म्हणजे आपल्याच मताला पुरावा, असे ब्लिस यांनी मानले. डावीकडे यंत्र फिरलेच नाही.

त्याच महिन्यात, १५ ऑगस्टला, बेल यांच्या घरी मुलगा जन्मला. तो दिवस भरण्याआधीच जन्मला होता. त्याला श्वास घेता येईना आणि काही तासांतच तो गेला. बेल यांनी हे दुःखही कामात बुडवले. छातीभोवती बसणारे आणि श्वास चालू ठेवायला मदत करणारे एक यंत्र त्यांनी बनवले. गोळीचा शोधही त्यांनी सोडला नव्हता. यंत्रात ते सुधारणा करतच होते.

१९ सप्टेंबर १८८१ रोजी अध्यक्ष गारफील्ड वारले. शवाची तपासणी झाली. गोळी पाठीच्या कण्याच्या डाव्या बाजूला, खोलवर, स्वादुपिंडामागे सापडली. शरीराने तिच्याभोवती जणू पिशवीच तयार केली होती. आज बहुतेक तज्ज्ञ मानतात, की अध्यक्षांचा जीव गोळीने घेतला नाही, जखमेत शिरलेल्या जंतूंनी घेतला.

बेल यांनी यंत्राची सारी माहिती, फसलेल्या प्रयत्नांसकट, छापून सर्वांसाठी खुली केली. मला त्यांची ही गोष्ट टेलिफोनइतकीच मोठी वाटते. टेलिफोनला जोडलेली एक सुईही त्यांनी तयार केली. तिचे टोक शरीरातल्या गोळीला टेकले की कानात टिक असा आवाज येई. क्ष-किरण येईपर्यंत ही सुई शल्यवैद्यांच्या उपयोगी पडली. पुढे कॅनडातील बॅडेक या गावी बेल यांनी विमाने आणि वेगवान नौका यांवर प्रयोग केले. तेथेच २ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. दफनाच्या वेळी उत्तर अमेरिकेतले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवले होते.

यंत्र मात्र पुढे चालत राहिले. १९३० नंतर कॅलिफोर्नियात गेरहार्ड फिशर यांनी हातात धरून नेता येईल असे धातुशोधक यंत्र विकायला काढले. दुसऱ्या महायुद्धात बेल यांच्याच स्कॉटलंडमध्ये राहणारे पोलंडचे एक अधिकारी, योझेफ कोसात्स्की, यांनी जमिनीत पुरलेले सुरुंग शोधणारे यंत्र केले. १९४२ मध्ये इजिप्तमधील अल अलामीनच्या लढाईत ते कामी आले. युद्ध संपल्यावर सैन्याची जादा यंत्रे बाजारात आली आणि इंग्लंड-अमेरिकेच्या खेड्यांतून एक नवाच छंद सुरू झाला.

सुट्टीच्या दिवशी ही मंडळी नांगरलेल्या शेतात जातात. कानाला हेडफोन, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तारेचे वेटोळे. पावलापावलाने ती पुढे सरकतात आणि ऐकतात. बुटांत पोलादी टोपी नको, हे त्यांना पक्के माहीत असते. नाहीतर बेल यांच्या गादीसारखी गत व्हायची! बहुतेक वेळा जुने खिळे, बाटल्यांची झाकणे आणि तुटकी बटणेच निघतात. कधी एखादे रोमन नाणे हाती लागते. काही लोक रात्री चोरून खणतात आणि वस्तू विकून टाकतात. मग ती वस्तू कोठे, कशाशेजारी होती, हे कायमचे हरवते. म्हणून तेथे कायदा आहे : शेत ज्याचे त्याची परवानगी घ्यायची आणि खजिना सापडला तर चौदा दिवसांत सरकारी अधिकाऱ्याला कळवायचे. आपल्याकडेही सापडलेल्या खजिन्याबद्दल १८७८ पासून कायदा आहे.

नोव्हेंबर १९९२ मध्ये इंग्लंडच्या सफोक भागात हॉक्सन गावच्या एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपल्या एका निवृत्त मित्राला बोलावले. या मित्राकडे धातुशोधक यंत्र होते. यंत्र वाजले, पण मातीतून निघाली चांदीची नाणी आणि चमचे. आणखी खणण्याचा मोह कोणाला झाला नसता? दोघांनी मात्र हात आवरला आणि खबर दिली. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्वाचे अभ्यासक आले. त्यांनी मातीचा एकेक थर काढत सारे जसे ठेवले होते तसे पाहिले, म्हणून पेटीत कोणती वस्तू कोठे होती, हेही समजले. त्यात जवळजवळ पंधरा हजार रोमन नाणी आणि सोन्याचे दागिने होते. हा सारा ठेवा लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. आणि हातोडा? तोही सापडला. आज तोही त्याच म्युझियमच्या मालकीचा आहे.