गावोगाव पुस्तकांची पेटी पाठवणारे सयाजीराव महाराज



यंदा आपल्या मंडळातील सर्व कुटुंबांनी मिळून एकच मराठी पुस्तक वाचायचे असे ठरले आहे. ठरवणे सोपे गेले, पुस्तक निवडणे मात्र अवघड जात आहे. ज्येष्ठांना भारदस्त ऐतिहासिक कादंबरी हवी आहे. नोकरदार मंडळींना चार बैठकांत संपेल असे काही हवे. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती आपली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात आणि मराठी परिच्छेद समोर आला की अडखळतात. ही चर्चा चालू असताना आमच्या लक्षात आले की, हाच प्रश्न याच बडोद्यात शंभर वर्षांपूर्वी एका व्यक्तीने फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतला होता. म्हणून पुस्तक ठरवण्याआधी श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र या बाजूने पुन्हा एकदा पाहू या.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात झाला. वडील काशीराव, आई उमाबाई. घराणे गायकवाडांचेच, पण राहणी शेतकऱ्याची. मुलाचे नाव गोपाळ. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना पदच्युत केले आणि खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची परवानगी दिली. कवळाण्याहून आलेल्या मुलांतून गोपाळची निवड झाली आणि त्याच वर्षी बारा वर्षांचा हा मुलगा सयाजीराव नावाने गादीवर बसला.

या वयापर्यंत त्यांना लिहिण्यावाचण्याचा फारसा सराव नव्हता, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. इतर राजपुत्र ज्या वयात ग्रंथ वाचू लागत, त्या वयात महाराज अक्षरे गिरवत होते. त्यांचे गुरू म्हणून इलियट साहेबांची नेमणूक झाली. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू असा अभ्यास सुरू झाला. दरबारात मराठी, रयतेत बहुसंख्य गुजराती, सरकारशी व्यवहार इंग्रजीत. एकही भाषा सोडून चालणारे नव्हते. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. उशिरा वाचायला शिकलेला हा राजा पुढे आयुष्यभर वाचत राहिला. लक्ष्मीविलास राजवाड्यात त्यांचा स्वतःचा मोठा ग्रंथसंग्रह जमत गेला.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागातील काही गावांत सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. मुले शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई, त्यामुळे कुरकुरही पुष्कळ झाली. शेतात हात हवे असताना मुलगा शाळेत बसवणे अनेकांना जड जाई. महाराज मागे हटले नाहीत. पण सक्तीने मूल शाळेत आणता येते, शाळा सुटल्यावर त्याच्या हातात पुस्तक राहील याची हमी सक्ती देत नाही. गावात वाचायला काहीच नसेल तर चार इयत्ता शिकलेला मुलगा काही वर्षांत अक्षरे विसरतो. शिक्षणावर केलेला सारा खर्च असा वाया जाऊ द्यायचा नसेल, तर शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय गावात गेले पाहिजे, हे महाराजांनी ओळखले.

१९०६ च्या अमेरिका प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. तेथे मजूरही ग्रंथालयात येऊन विनामूल्य पुस्तक घरी नेत होता. १९०८ मध्ये थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव गेले. घरातले हे दुःख आणि स्वतःची नाजूक प्रकृती सांभाळूनही काम थांबले नाही. १९१० मध्ये महाराजांनी कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथील अनुभवी ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बडोद्यास आणले. ते १९१३ पर्यंत येथे होते. त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, बडोद्यासाठी ग्रंथवर्गीकरणाची वेगळी पद्धत तयार केली आणि येथील तरुणांना ग्रंथपालनाचे शिक्षण दिले. ग्रंथालयासाठी महाराजांनी आपल्या खासगी संग्रहातील सुमारे वीस हजार ग्रंथ देऊन टाकले. स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी वेगळे विभाग होते. मांडवीजवळच्या आजच्या इमारतीत पोलादी घोडे आणि काचेची जमीन पाहिलेल्यांना त्यामागचा विचार सांगायला नको.

मात्र शहरातील ग्रंथालय हा या कामाचा अर्धाच भाग. खेड्यांसाठी ग्रामवाचनालये निघाली. त्यांचा हिशेब साधा होता. गावाने एक वाटा जमवायचा, तेवढाच प्रांतपंचायतीने द्यायचा आणि तेवढाच सरकारने. पुस्तके पूर्णपणे दान म्हणून मिळत नसत, गावाला आधी स्वतः हात घालावा लागे. या कामात मोतीभाई अमीन यांचा वाटा मोठा. शिक्षक असताना त्यांनी मित्रमंडळांच्या वतीने आधीच खेड्यांत वाचनालये सुरू केली होती; महाराजांनी अशा कार्यकर्त्याला ग्रंथालय खात्यात घेतले. जेथे वाचनालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाची लाकडी पेटी जाई. पुस्तके वाचून झाली की पेटी परत येई आणि दुसरी पाठवली जाई. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्नचे खेळ आणि चित्रपट दाखवले जात. वाचू न शकणाऱ्यालाही ग्रंथालय आपले वाटावे, हा त्यामागचा हेतू.

पेटीत घालायला लोकांच्या भाषेतील पुस्तके हवीत, म्हणून महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला. त्यातून श्री सयाजी साहित्यमालेत मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत ग्रंथ निघाले. १९१२ पासून ग्रंथालय खात्याचे नियतकालिक निघू लागले, तेही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. १९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद महाराजांनी भूषवले. बारा वर्षांपर्यंत अक्षरांशी जेमतेम ओळख असलेला कवळाण्याचा मुलगा तेथवर पोहोचला होता. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा संस्थानात हजारावर ग्रामवाचनालये चालू होती.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. या चरित्रातून आम्ही तीन गोष्टी घेतल्या. पहिली, निवड अडखळत वाचणाऱ्याकडे पाहून करावी. चांगले वाचणारा कोणतेही पुस्तक वाचेल, अडखळणारा मात्र एकदा कंटाळला की परत येणार नाही. दुसरी, ज्यांनी वाचायचे त्यांचा वाटा निवडीत हवा. तिसरी, घरातल्या ज्या आजी-आजोबांना आता दिसत नाही आणि ज्या छोट्यांना अजून वाचता येत नाही, त्यांच्यासाठी वाचून दाखवण्याची सोय आधी करावी, पुस्तक नंतर आणावे.

म्हणून कार्यकारिणीने एक पुस्तक ठरवून जाहीर करण्याचा बेत आम्ही तूर्त बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी बारा पुस्तकांची एक पेटी तयार करत आहोत. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी आणि इतर भागांतील सभासदांकडे ती आळीपाळीने जाईल. प्रत्येक घरी एक आठवडा राहील. घरातील सर्वांत लहान वाचणाऱ्याने कोणत्याही पुस्तकाची पहिली दोन पाने मोठ्याने वाचावीत आणि पुढे वाचावेसे वाटले का, ते पेटीतल्या वहीत त्यानेच लिहावे. मोठ्यांनी त्याच्या वतीने लिहू नये, ही विनंती. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. पेटी सगळीकडे फिरून आली की ती वही पाहून आपले पुस्तक ठरेल.

पुस्तकांच्या प्रतींचा एक वाटा मंडळ उचलेल. बाकीचा आपण सर्वांनी मिळून उचलायचा आहे. बडोद्यात हा हिशेब नवा नाही.