विष्णुपंत पागनीस

विष्णुपंत पागनीस (१८९२–१९४३) हे मराठी रंगभूमीवरील गायक नट व चित्रपट अभिनेते होते. प्रभात फिल्म कंपनीच्या 'संत तुकाराम' (१९३६) या बोलपटातील तुकारामांच्या भूमिकेमुळे ते सर्वपरिचित झाले.

संगीत रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुष नट करीत, त्या काळात पागनीसांची कारकीर्द घडली. स्त्रीभूमिका करणारे गायक नट म्हणून त्यांनी नाव मिळविले होते. पुढे हाच लौकिक त्यांच्या आड आला. तुकारामांसाठी त्यांचे नाव निघाले तेव्हा अंगात मुरलेली नाजूक ढब संतचरित्राला शोभणार नाही, अशी शंका व्यक्त झाली.

'संत तुकाराम'

चित्रपटाचे दिग्दर्शन विष्णुपंत दामले व शेख फत्तेलाल यांनी केले. हे दोघे मूळचे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतील कलावंत. प्रभातमध्ये दामल्यांकडे ध्वनिमुद्रण, तर फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन होते. पटकथा शिवराम वाशीकर यांची आणि संगीत केशवराव भोळे यांचे होते. कथा घडते ते देहू इंद्रायणीच्या काठी असून आज पिंपरी-चिंचवड व चाकण यांच्या कारखानदारीने वेढलेले आहे. फत्तेलालांनी उभारलेल्या त्या गावातील घरे, गुरे व भांडीकुंडी पाहताना नाटकाच्या पडद्याची आठवण होत नाही.

अशा परिसरात रंगमंचीय आवेश उपरा वाटला असता. दिग्दर्शकांनी पागनीसांकडून तो काढून घेतला. मार्दव मात्र राहू दिले. ज्या गुणावर आक्षेप होता त्यातूनच पडद्यावरचा तुकोबा साकारला. त्यांचे अभंगगायन बैठकीच्या थाटाचे नाही. ताना मर्यादित आहेत, बोलता बोलता शब्द सुरात जातात. संसाराकडे त्यांचे लक्ष नसते, पण चेहऱ्यावर विरक्तीचा ताठा कोठेही दिसत नाही.

त्यांच्यासमोर जिजाईच्या भूमिकेत गौरी होत्या. स्टुडिओतील साध्या कामांवरून त्या अभिनयाकडे आल्या होत्या आणि नाटकी संस्कार त्यांच्यावर नव्हता. मूल आजारी पडताच वहाण घेऊन विठोबाला जाब विचारायला निघालेली ही बायको आणि तिचा शांत नवरा यांच्या ओढाताणीवर चित्रपट तोललेला आहे. रानात जिजाईने आणलेली भाकर दोघे खातात, तो प्रसंग चमत्कारांच्या दृश्यांहून सरस ठरतो. तसा भाव पागनीसांना नंतर क्वचितच साधला.

मुंबईत एकाच चित्रपटगृहात हा बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्याचा विशेष गौरव झाला. शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले 'आधी बीज एकले' हे पद अनेकांनी खुद्द तुकारामांचाच अभंग मानले. पागनीसांच्या चेहऱ्याचेही तसेच झाले. तुकारामांचे समकालीन चित्र सर्वांच्या परिचयाचे नव्हते. ती जागा या मुद्रेने घेतली आणि पुढील अनेक तसबिरींत तीच उमटत राहिली.

नंतरचे चित्रपट

यशानंतर त्यांच्याकडे संतांच्याच भूमिका येत गेल्या. जयंत देसाई यांच्या 'संत तुलसीदास' (१९३९) मध्ये ते तुलसीदास, तर विजय भट्ट यांच्या 'नरसी भगत' (१९४०) मध्ये नरसी मेहता झाले. दिग्दर्शक बदलले, भाषा बदलली, तरी प्रेक्षक त्यांच्यात तुकारामच शोधत. अन्य प्रकारची मोठी भूमिका मिळण्यापूर्वी, १९४३ मध्ये त्यांचे निधन झाले.