हैज्याची लस आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन

पावसाळा लागला की आमच्या नवीन जालन्यात घरोघरी एकच सूचना असते: पाणी उकळून प्या, उघड्यावरचं खाऊ नका. वर्गातल्या मुलांना मी हेच सांगते. पण हा नियम कुठल्या रोगामुळे इतका पक्का झाला, ते त्यांना ठाऊक नसतं. तो रोग म्हणजे हैजा, मराठीत पटकी. घाणेरडं पाणी, माशा बसलेलं अन्न, न धुतलेले हात यांतून त्याचे जिवाणू पोटात जातात. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी संपतं आणि धडधाकट माणूस एका दिवसात जातो. या जिवाणूवर माणसांसाठी लस तयार करणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव आपल्या मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेला आहे. व्लादिमीर हाफकिन.

जन्म 15 मार्च 1860 चा. ज्यू कुटुंब, शिक्षण ओडेसात. रशियाच्या झारच्या राज्यात ज्यूंना बढती मिळणं अवघडच होतं. तिथून ते पॅरिसला गेले आणि पाश्चर संस्थेत त्यांना पहिली जागा मिळाली ती ग्रंथालयातल्या मदतनिसाची! फावल्या वेळात ते हैज्याच्या जिवाणूवर प्रयोग करत. एका गिनीपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या पोटात असं करत त्यांनी जिवाणू जास्त जहाल केला, आणि दुसरा एक प्रकार कमजोर केला. आधी कमजोर टोचायचा, काही दिवसांनी जहाल. 18 जुलै 1892 रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले.

1893 मध्ये ते कलकत्त्याला आले. ते डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्र शिकलेले होते, त्यामुळे इंग्रज वैद्यकीय अधिकारी त्यांच्याकडे जरा तिरकेच बघत. लोकही घाबरत. परका माणूस सुईतून काय घालतोय, कोण जाणे. हाफकिन आणि त्यांच्यासोबतचे भारतीय डॉक्टर मग वस्तीत सगळ्यांसमोर आधी एकमेकांना टोचत. 1894 मध्ये एका तळ्याभोवतीच्या झोपडवस्तीत हैजा पसरला. सुमारे 200 लोकांपैकी 116 जणांनी टोचून घेतलं. त्यानंतर तिथे जे दगावले ते सगळे न टोचलेल्यांपैकी होते. हीच त्यांची खरी हुशारी, असं मला वाटतं. एकाच वस्तीतल्या, एकच पाणी पिणाऱ्या लोकांची तुलना केली की वाद घालायला जागा कमी उरते. त्या काही वर्षांत 40,000 हून अधिक लोकांना ही लस दिली गेली.

1896 मध्ये मुंबईत प्लेग, म्हणजे ताऊन, आला. तो अन्नातून नव्हे, उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. पण हाफकिनना तिकडे वळावं लागलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि व्हरांडा, एवढंच मिळालं. जिवाणू वाढवायला त्यांनी बकऱ्याच्या मांसाची यखनी वापरली आणि वर तुपाचे थेंब सोडले. 10 जानेवारी 1897 ला पुन्हा स्वतःलाच टोचलं, तेही चांगली मोठी मात्रा.

शहरात अफवा उठल्या होत्या. अशा वेळी विशीच्या आसपासचे आगाखान, सर सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. त्यांनी प्रयोगशाळेसाठी आपली खुसरू लॉज ही इमारत दिली आणि जमातीसमोर स्वतः टोचून घेतलं. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. त्यानंतर हजारो खोजा कुटुंबांनी लस घेतली. जमातीचा माणूस बाही वर करून उभा राहतो तेव्हा काय फरक पडतो, ते आपल्या घरांमध्ये सगळ्यांना कळतं. 1899 मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

मग घात झाला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी 107 लोकांना लस टोचली गेली. त्यांतल्या एका बाटलीतून ज्यांना दिली, त्या 19 जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सगळा दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर आला. नोकरी गेली, नाव गेलं. खरं म्हणजे गावात बाटली उघडताना एक चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हे कागदावर होतं, तरी मान्य व्हायला काही वर्षं गेली. मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांतून बाजू मांडली, तेव्हा 1907 मध्ये ते निर्दोष ठरले. पण परळची जागा रिकामी नव्हती. त्यांना कलकत्त्याला पाठवलं गेलं. तिथे काही वर्षं काम करून ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले.

1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव मिळालं. पुढे याच नावाखाली पोलिओचे डोस तयार झाले आणि देशभर पोहोचले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात हाफकिन गेले.