पदयात्री विनोबा

विनोबांचे मूळ नाव विनायक नरहरी भावे. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कोकणातील गागोदे या खेड्यात झाला. अंगकाठी किरकोळ, परंतु वाचन आणि पायी भटकणे यांचा त्यांना लहानपणापासून विलक्षण नाद होता.

१९१६ साली ते अहमदाबादेस गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढच्याच वर्षी प्रकृती सुधारण्यासाठी व संस्कृतच्या अध्ययनासाठी वर्षभराची रजा घेऊन ते वाईस आले. औषधांपेक्षा त्यांनी व्यायामावर भर दिला. प्रारंभी ते रोज दहा-बारा मैल चालत. पुढे ते जात्यावर दळू लागले, सूर्यनमस्कार घालू लागले. महाराष्ट्रात सुमारे चारशे मैलांची पायपीट करून त्यांनी किल्ले पाहिले व गावोगावी गीतेवर प्रवचने दिली. नियमित चालण्याने हृदय व फुप्फुसे बळकट होतात, अन्न पचते आणि मन प्रसन्न राहते. विनोबांची प्रकृती सुधारली आणि वर्ष संपताच ते आश्रमात हजर झाले.

कमावलेल्या या सवयीची खरी कसोटी १९५१ साली लागली. तेव्हा विनोबा पंचावन्न वर्षांचे होते. पोटाच्या जुन्या विकारामुळे त्यांचा आहारही अगदी बेताचा होता. तरीही ते पायी तेलंगणात गेले. तेथे १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली गावी भूमिहीनांनी त्यांच्याकडे जमीन मागितली. गावातील एका जमीनदाराने शंभर एकर जमीन दिली आणि भूदानाचा उगम झाला. मग विनोबा गावोगाव हिंडू लागले. पहाटेच्या अंधारात कंदिलाच्या उजेडात ते निघत, पुढच्या गावी पोहोचत आणि गरिबांसाठी जमीन मागत.

चालणाऱ्याला रोग होतच नाही, असे मात्र नव्हे. १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडील येथे विनोबांना प्राणघातक हिवताप जडला. अखेर त्यांनी औषध घेतले, ते बरे झाले आणि पुन्हा वाटेस लागले.

वारकरी जेथे शतकानुशतके पायी येतात, त्या सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरास ते मे १९५८ मध्ये पोहोचले. निरनिराळ्या धर्मांच्या सोबत्यांसह त्यांनी विठ्ठलाचे दर्शन घेतले.

सुमारे तेरा वर्षांच्या भ्रमंतीनंतर, १९६४ साली ते पवनारच्या आश्रमात परतले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, तेथेच त्यांचे देहावसान झाले. चालण्याने त्यांनी शरीर सुदृढ केले आणि ते शरीर लोकांच्या सेवेस वाहिले.