फवाऱ्याला प्रश्न विचारणारी रेचल कार्सन

गणपतीच्या सुमारास पेण-रोह्याकडे भात पोटरीत येतं, आणि त्याच दिवसांत दवाखान्यात एक ठरावीक प्रकारचा रुग्ण येतो. अंगाला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. सोबतचे सांगतात, सकाळपासून औषध मारत होता. कीटकनाशकाला आपल्याकडे औषधच म्हणतात; डॉक्टर म्हणून मला तो शब्द दर वेळी खटकतो. पाठीवर गळका पंप, भिजलेली बनियन, अनवाणी पाय. ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं विष पोटात जावंच लागतं असं नाही, कातडीतूनही ते आत शिरतं. नसांचा संदेश पोचल्यावर तो थांबवणारं एक विकर शरीरात असतं. हे विष त्यालाच निकामी करतं आणि संदेश थांबतच नाहीत. अ‍ॅट्रोपिन वेळेवर मिळालं तर बरेच जण वाचतात. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे वीसएक शेतकरी आणि मजूर वाचले नाहीत.

हे सगळं सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत साठ वर्षांपूर्वी एका बाईने लिहून ठेवलं होतं. ती डॉक्टर नव्हती, शेतकरीही नव्हती. तिचा विषय होता समुद्र.

रेचल कार्सन यांचा जन्म 27 मे 1907 रोजी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, स्प्रिंगडेल या गावी झाला. घरची परिस्थिती ओढगस्तीची. समुद्रावर जीव, पण तो प्रत्यक्ष पाहायला मिळाला पदवी घेतल्यावर, 1929 मध्ये. 1932 मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.ए. झाल्या. डॉक्टरेट मात्र पैशाअभावी सोडावी लागली. 1935 मध्ये वडील गेले, दोनच वर्षांनी बहीण गेली आणि तिच्या दोन मुली यांच्या पदरात आल्या. सरकारच्या मत्स्य खात्यात त्या माशांवर रेडिओसाठी संहिता लिहीत, पुढे तिथेच शास्त्रज्ञ म्हणून लागल्या. 1951 मध्ये त्यांचं समुद्रावरचं दुसरं पुस्तक आलं आणि 86 आठवडे खपाच्या यादीत राहिलं. पुढल्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

डीडीटी तेव्हा देवासारखं पुजलं जात होतं, आणि ते अगदीच विनाकारण नव्हतं. त्याचा कीटकनाशक गुण शोधणाऱ्या पॉल म्यूलर यांना 1948 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. भारतात 1953 मध्ये हिवतापविरोधी मोहीम सुरू झाली ती याच पावडरीच्या जोरावर. कार्सन यांनी 1945 मध्येच डीडीटीच्या दुष्परिणामांवर लेख लिहायची तयारी दाखवली होती, पण मासिकाला तो विषय नको होता. 1958 च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं. डासांसाठी विमानातून फवारणी झाली आणि तिच्या अंगणातले पक्षी मरून पडले. कार्सन कामाला लागल्या.

त्यांनी जमवलेल्या प्रकरणांपैकी कॅलिफोर्नियाच्या क्लिअर लेकचं प्रकरण खारेपाटातल्या वाचकाने नीट वाचावं. चिलटं मारायला त्या तळ्यात डीडीटीचं भावंड असलेलं डीडीडी टाकलं, तेही पाच कोटी भाग पाण्यात एक भाग, इतकं पातळ. काही काळाने मासे खाणारे पाणपक्षी मरू लागले. त्यांच्या चरबीत त्याचं प्रमाण दहा लाखांत 1600 भाग निघालं. पाण्यातून शेवाळात, शेवाळातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, दर पायरीला विष घट्ट होत गेलं. आपल्या भातखाचरांतून पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरतात. बांध पोखरतात म्हणून खेकड्यांना विषारी आमिष घालतात आणि त्याच बांधावरचे मुठे रश्शात जातात. आजची बरीच कीटकनाशकं डीडीटीसारखी वर्षानुवर्षं टिकत नाहीत हे खरं, पण आमिष टाकलेल्या बांधावरचा खेकडा घरी नेऊ नये, एवढं मी रुग्णांना सांगतो.

पुस्तक निम्म्यावर असताना, 1960 च्या एप्रिलमध्ये, कार्सन यांच्या स्तनावर शस्त्रक्रिया झाली. गाठ कर्करोगाची होती, पण शल्यचिकित्सकाने ते त्यांना सांगितलं नाही. पुढे उपचारही दिले नाहीत. डिसेंबरमध्ये दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्यावर खरं कळलं, तोवर आजार पसरला होता. आजही आमच्या ओपीडीत नातेवाईक दाराबाहेर गाठतात आणि पेशंटला सांगू नका म्हणून हात जोडतात. त्यामागची माया कळते. तरी मला या बाईंचे ते आठ महिने आठवतात. लोकांपासून विषाची माहिती लपवली जाते, याबद्दल त्या लिहीत होत्या, आणि त्यांच्याच शरीराची माहिती त्यांच्यापासून लपवलेली होती. पुढे त्यांनी स्वतःही आजार जगापासून लपवला. कळलं असतं तर कर्करोग झाला म्हणून रसायनांवर सूड उगवते आहे, असं म्हणायला विरोधक मोकळे झाले असते.

‘सायलेंट स्प्रिंग’ सप्टेंबर 1962 मध्ये आलं. रसायन उद्योगाने मोठी मोहीम उघडली. बाई भावनाप्रधान आहे, अविवाहित आहे, इथपर्यंत टीका गेली. प्रत्यक्षात त्यांनी सगळ्या कीटकनाशकांवर बंदी मागितलीच नव्हती. सरसकट, न मोजता मारू नका, नाहीतर डासच दाद देईनासे होतील, असा त्यांचा इशारा होता. शेवटच्या प्रकरणात त्यांनी दुसरी वाट दाखवली: किडीचे नर वांझ करून सोडणं, गंधाने फसवणं, किडीला आजारी पाडणारे जिवाणू, किडीचे नैसर्गिक शत्रू.

कॅलिफोर्नियातल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी 1959 मध्येच सांगितलं होतं की कीड दिसली म्हणून नव्हे, तिचं नुकसान फवारणीच्या खर्चापुढे जाईल तेव्हाच फवारावं. आज कृषी विभाग एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतो ते याच वाटेवरचं. खोडकिडीचा पतंग रोपाच्या शेंड्याला अंडी घालतो, म्हणून लावणीआधी शेंडे खुडायचे. कामगंध सापळे लावायचे. कापणी जमिनीलगत करून धसकटं नांगरायची, कारण अळी त्यांतच दडते. गाभामर साधारण पाच टक्क्यांवर गेली तरच फवारणीचा विचार. तपकिरी तुडतुड्यांचं तर उलटंच आहे: घाईने फवारलं की त्यांना खाणारे कोळी आधी मरतात आणि तुडतुडे बोकाळतात. इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावर 57 कीटकनाशकं बंद केली ती या अनुभवानंतर. आणि फवारायचंच झालं तर बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

मे 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या विज्ञान समितीने कार्सन यांचं म्हणणं बव्हंशी उचलून धरलं. जूनमध्ये त्या सिनेटच्या समितीपुढे साक्षीला बसल्या तेव्हा आजार हाडांत उतरला होता आणि डोक्यावर टोप होता. समोरच्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नव्हती. घरी भाचीचा पोरका मुलगा होता, अकरा वर्षांचा. भाची 1957 मध्ये गेल्यावर त्याला त्यांनी दत्तक घेतलं होतं.

14 एप्रिल 1964 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी त्या गेल्या. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली 1972 मध्ये, भारतात शेतीपुरती 1989 मध्ये. त्यांची काही रक्षा आईच्या शेजारी पुरली, उरलेली मेन राज्यातल्या त्यांच्या आवडत्या समुद्रकिनाऱ्यावर सोडली.